पोरगा म्हणतो 'योकिच पण कोक प्यायचा'. कोणी बास्केटबॉलवाले आहेत का इथे?

मिरजेची_माई

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, योग्य ठिकाणी टाकतेय की नाही माहीत नाही, ॲडमिननी हवा तर हलवावा.

आमचे चिरंजीव दहावीत, वय पंधरा, उंची सहा फूट एक इंच (घराण्यात कोणी पावणेसहाच्या वर नाही, कुठून आली देव जाणे) आणि वजन ९८ किलो. तीन वर्षं झाली बास्केटबॉल खेळतोय. सर म्हणतात हात चांगला आहे, नजर चांगली आहे, पण पळायला नको. प्रॅक्टिसच्या आधी ग्राउंडला दहा राउंड असतात, तर हा चौथ्या राउंडला बुटाची लेस बांधायला खाली बसतो आणि ती लेस बाकीच्यांचे दहा राउंड होईपर्यंत काही बांधून होत नाही.

मी काही बोलले की एकच उत्तर तयार असतं. योकिच. मी आपली स्पेलिंग बघून जोकिक जोकिक म्हणत होते तर लोळून हसला माझ्यावर. परवा फ्रिजमधली दोन लिटरची कोकची बाटली एका मॅचमध्ये संपवली, ओरडले तर म्हणतो आई, योकिच रोज तीन लिटर प्यायचा. सर ओरडले तर म्हणे योकिचला पण एक जोर मारता यायचा नाही. अभ्यासाला सकाळी उठवून उठत नाही आणि अमेरिकेतल्या मॅचला साडेसहाला अलार्मशिवाय टुणकन उठतो. रविवारी बसले मग मी पण शेजारी, म्हटलं बघू तरी कोण हा महापुरुष. तर एक गोरा, ढगळ माणूस, दंड गुबगुबीत, उडी जवळजवळ मारतच नाही, धावतो कसा तर एसटी चुकलेला माणूस शेवटी नाद सोडून चालायला लागतो ना तसा. आणि तरी बॉल सारखा त्याच्याकडेच. आणि हा म्हणे तीन वेळा तिथला सगळ्यात भारी खेळाडू ठरलाय!

तर हे रील्समधलं कोक बीक कितपत खरं आहे? आणि खरं असेल तर मी आमच्या ध्यानाला कुठल्या तोंडाने राउंड मारायला सांगू? ह्यांना विचारलं तर ते क्रिकेटवाले, त्यांना काही गम्य नाही.

डेन्व्हरी_पुणेकर

माई, तुम्ही बरोबर दारात आलात. मी २०१२ पासून डेन्व्हरजवळ राहतो, त्यामुळे हा माणूस माझ्या डोळ्यासमोर ढेरीपासून ट्रॉफीपर्यंत गेलेला आहे, आणि घरात ह्या विषयावर बोलायला मला बंदी आहे म्हणून इथे सुटतो.

आधी कोकचं. खरं आहे. सर्बियात असताना दिवसाला तीन लिटरच्या आसपास प्यायचा, स्वतःच सांगितलंय त्याने. पण पोरगा अर्धीच गोष्ट सांगतोय बघा. २०१५ मध्ये अमेरिकेला यायला विमानात बसला, तिथे शेवटचं कोक प्यायला आणि तिथून पुढे बंद केलं. गंमत म्हणजे आमच्या टीमच्या (डेन्व्हर नगेट्स, तो इथेच खेळतो) स्टेडियमचं नाव तेव्हा पेप्सी सेंटर होतं (२०२० पासून बॉल अरीना झालं). जोराचंही खरं आहे, सुरुवातीला एक धड निघायचा नाही म्हणतात. 'सुरुवातीला' हा शब्द चिरंजीवांनी गाळलेला दिसतोय.

आता मूळ कथा. निकोला योकिच, जन्म १९ फेब्रुवारी १९९५, गाव सोंबोर, सर्बियाच्या उत्तरेला व्हॉयव्होदिना म्हणून सपाट शेतीचा भाग आहे तिथे. वडील शेती खात्यातले इंजिनियर टाइप, दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात आई वडील आजी आणि तीन भाऊ. हा शेंडेफळ. मोठे दोघे ह्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे आणि आडदांड, ते पण बास्केटबॉलवालेच, त्यातला एक अमेरिकेत कॉलेजला खेळून आलेला. म्हणजे लहानपणी बॉल हातात यायचा असेल तर आधी ह्या दोन रेड्यांमधून वाट काढा, असा क्लास घरातच फुकट. १९९९ ला नाटोचे बॉम्ब पडत होते तेव्हा हा चार वर्षांचा होता.

सतरा-अठराचा असताना मिश्को राझ्नातोविच नावाचा एजंट पेपर वाचत बसला होता आणि ज्युनियर लीगच्या निकालात ह्याचे पॉइंट्स आणि रिबाउंडचे (शॉट चुकून परत आलेला बॉल पकडणं) आकडे बघून चमकला, म्हणाला हा कोण आणि मला कसा माहीत नाही. बेलग्रेडच्या मेगा क्लबात उचलून आणला. म्हणजे निवड झाली ती आकड्यांवर, आधी फोटो बघितला असता तर कदाचित पान उलटलं असतं.

आणि मग २०१४ चा ड्राफ्ट. ड्राफ्ट म्हणजे माई, एनबीएचे (अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग) सगळे क्लब एकेक करून नवीन पोरं निवडतात, त्या वर्षी ६० जण. ह्याचा नंबर ४१ वा. दुसऱ्या फेरीतल्या पोरांना करार मिळेल ह्याचीही खात्री नसते. टीव्हीवर ह्याचं नाव आलं तेव्हा टॅको बेलची जाहिरात चालू होती आणि नाव आपलं खाली पट्टीत सरकून गेलं. मी लाइव्ह बघत होतो, मला अजिबात आठवत नाही, आम्ही खायला उठलो असणार. हा स्वतः सोंबोरला झोपलेला. न्यूयॉर्कहून भावाने फोन करून उठवलं.

आल्यावर पण लगेच राजा झाला नाही. दुसऱ्या सीझनला युसुफ नुर्किच म्हणून अजून एक धिप्पाड सेंटर होता, दोघांना एकत्र खेळवायचा प्रयोग पार फसला. तेव्हा ह्याने स्वतः जाऊन कोच मलोनना सांगितलं की मला बेंचवर बसवा, हरकत नाही. एकवीस वर्षांचं पोर! मग १५ डिसेंबर २०१६ ला पोर्टलंडविरुद्ध मलोननी उलटं केलं, ह्यालाच मेन सेंटर करून टीम त्याच्याभोवती बांधली. आमच्याकडे लोक ती तारीख सण असल्यासारखी धरतात, ख्रिसमसच्या चालीवर नावही ठेवलंय तिला.

अजून एक, लेसवरून आठवलं. हा मॅचला लग्नातली अंगठी बुटाच्या लेसमध्ये ओवून गाठ मारतो. बोटात घालून खेळता येत नाही ना. मॅच संपली, हस्तांदोलन झालं की वाकून लेस सोडतो आणि अंगठी परत बोटात. मी एकदा चुकून खालच्या रांगेतलं तिकीट मिळालं होतं तेव्हा बघितलंय, एवढा थोरला माणूस आणि दोन जाड बोटांनी गाठ सोडतोय, मागे वीस हजार लोक बोंबलतायत आणि ह्याला घाई नाही.

जुना_पिव्होट

वा, इथे बास्केटबॉल! मी नागपूरचा, युनिव्हर्सिटी खेळलोय, नव्वदच्या दशकातलं. आता गुडघे गेले आणि तोंड उरलंय.

माई तुमचा 'एसटी चुकलेला माणूस' वाचून हसलो पण आता पुढच्या मॅचला बॉल बघू नका, त्याचं डोकं बघा. बॉल हातात यायच्या आधी त्याने मान फिरवून सगळं बघून घेतलेलं असतं. बाकीचे बॉल धरतात, मग बघतात, मग देतात. ह्याच्याकडे बॉल आला की कधी कधी थांबतच नाही, आला तसा टाचणी लावल्यासारखा पुढे जातो, डोक्यावरून, पाठीमागून, एका हाताने. पळून जे दोन सेकंद वाचवायचे ते हा आधी बघून वाचवतो. म्हणून हळू दिसतो. आमच्या वेळी सेंटर म्हणजे रिंगखाली उभा राहा, बॉल आला की बोर्डवर मार, पास बीस गार्डचं काम. ह्याने ते सगळं उलटंपालटं केलं, सगळ्यात उंच माणूस (६ फूट ११) आणि अख्ख्या टीमचा खेळ तोच चालवतो.

आकडे सांगतो, पोराला तोंडपाठ असतील पण तुमच्यासाठी. ट्रिपल डबल म्हणजे एका मॅचमध्ये पॉइंट्स, रिबाउंड, असिस्ट (ज्या पासवर बास्केट होते तो) तिन्ही दहा किंवा जास्त. फेब्रुवारी २०१८ ला मिलवॉकीविरुद्ध ह्याने ते १४ मिनिटं ३३ सेकंदात केलं, इतिहासातलं सगळ्यात फास्ट. कोणी? जो पळत नाही तो. २०२४-२५ च्या अख्ख्या सीझनची सरासरीच ट्रिपल डबल, असं त्याच्याआधी फक्त ऑस्कर रॉबर्टसन आणि वेस्टब्रुकला जमलंय आणि ते दोघे गार्ड. त्याच सीझनला मार्च २०२५ मध्ये फिनिक्सविरुद्ध ३१ पॉइंट्स, २१ रिबाउंड, २२ असिस्ट. मी तो स्कोअर वाचून आधी टायपिंग मिस्टेक समजलो. २०२३ च्या फायनलच्या तिसऱ्या मॅचला ३२, २१, १०, फायनलमध्ये असं पूर्वी कोणीच केलं नव्हतं.

आणि तो शॉट, सोंबोर शफल. आम्हाला शिकवलं की उजव्या हाताने मारायचा तर डाव्या पायावर उडी. हा नेमका उलट्या पायावर, मागे कलंडत, बॉल डोक्याच्याही मागून सोडतो. आमच्या सरांनी मैदानाबाहेर काढलं असतं. पण जातो. उडी चार बोटांची असली तरी बॉल इतक्या वरून सुटतो की अडवणार कुठून?

आता राउंडचं. माई, पोराला हे नीट सांगा. योकिच हळू पळतो, पण किती वेळ पळतो ते बघ म्हणावं. २०२०-२१ ला सीझन ७२ मॅचचा होता, हा ७२ च्या ७२ खेळला, तेव्हाच पहिली एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) मिळाली. ड्राफ्टमध्ये इतक्या खालच्या नंबरवर निवडलेल्या खेळाडूला एमव्हीपी मिळायची ती पहिलीच वेळ, आणि २००० च्या शकील ओनीलनंतर सेंटरला मिळालेली पण पहिलीच. आणि मॅच संपल्यावर बाकीचे आंघोळ करून घरी जातात तेव्हा हा वजनं उचलायला जातो, ट्रेनर फेलिपे आयकेनबर्गरबरोबर, मॅच खेळून आल्या रात्री! ते रीलमध्ये नसतं कारण त्यात बघण्यासारखं काही नाही, एक घामाघूम माणूस आणि लोखंड.

ढेरी तशी अजून आहे म्हणा थोडी. पण त्या ढेरीला कमरेने धक्का मारून बघावा कोणी, ती भिंत आहे.

स्पष्टवक्ता७७

सगळं छान आहे पण मला एक कळत नाही, एकाची गोष्ट घेऊन आपण पोरांना का नादी लावतो. योकिच एक झाला, तसे ४१ नंबरवाले बाकीचे कुठे गेले कोणाला माहीत आहे? आपल्याकडचंच बघा, सतनाम सिंग भामरा, पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच, योगायोगाने तोही १९९५ चाच जन्म. २०१५ ला डॅलसने ५२ व्या नंबरवर घेतला, भारतात जन्मलेला पहिला. केवढा गाजावाजा झाला होता! एनबीएची एक मॅच खेळायला मिळाली नाही. खालच्या लीगमध्ये टेक्सास लेजेंड्सकडून खेळला आणि आता अमेरिकेत कुस्तीच्या शोमध्ये आहे. वाईट चाललंय असं म्हणत नाही मी, पैसे मिळत असतील, पण बास्केटबॉल संपला. सोंबोरच्या पोराच्या मागे आख्खा देश बास्केटबॉल खेळणारा आहे, गल्लीत रिंगा आहेत, क्लब पगार देतात. इथे काय आहे? रेल्वेत नाहीतर पोलिसात नोकरी, तीही नशीब असेल तर. दहावी आहे, आधी दहावी करू दे.

जुना_पिव्होट

@स्पष्टवक्ता७७ साहेब मुद्दा बरोबर आहे, सतनाम चौदाव्या वर्षी घरापासून उचलून फ्लोरिडाच्या अकादमीत नेला, तिथे मोठा झाला, उंचीवर निवडला गेला. योकिच वीस वर्षांचा होईपर्यंत घराजवळ, आपल्या भाषेत, आपल्या कोचकडे खेळला आणि ड्राफ्टनंतरही एक वर्ष तिथेच थांबला. त्या जास्तीच्या वर्षात ॲड्रिॲटिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू होऊन मगच विमानात बसला. हा फरक मला मोठा वाटतो. पण माईंनी पोराला एनबीएत पाठवायचं विचारलेलं नाहीये हो, दहा राउंड कसे मारून घेऊ एवढंच विचारलंय.

मिरजेची_माई

अहो बाई, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना. स्पष्टवक्ते, दहावीचं माझ्या डोक्यात चोवीस तास आहे, काळजी नसावी.

विमानातलं शेवटचं कोक वाचून दाखवलं. गप्प झाला. मग म्हणाला मला माहीत होतं. मग म्हणाला 'पण मी कुठे विमानात बसलोय अजून'. काय बोलणार ह्याच्यापुढे.

एक विचारायचं राहिलं. ह्याच्या मोबाइलवर वॉलपेपर म्हणून योकिच आणि घोडा असा फोटो आहे, म्हटलं बास्केटबॉलचा का नाही, तर म्हणे त्याला खेळापेक्षा घोडेच आवडतात. हे काय आता नवीन?

हलगीवाला

माई, घोड्याचं नाव निघालं म्हणून लॉगिन झालो, नाहीतर मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मी करवीर तालुक्यातला, आमच्याकडे जत्रेला घोडागाडीच्या शर्यती लागतात, आजोबांकडे घोडी होती, त्यामुळे मी ह्या बाबाचे फक्त घोड्यांचे व्हिडिओ बघतो. मला वाटायचं हा घोडेवालाच आहे आणि बाजूला काहीतरी खेळतो.

तर ती शर्यत रेसकोर्सवरच्यासारखी नसते. घोड्याच्या मागे दोन चाकांची हलकी गाडी असते, सल्की म्हणतात, त्यात माणूस पाय लांब करून जवळजवळ घोड्याच्या शेपटीत तोंड घालून बसतो. आणि ह्यात खरी मेख अशी की घोड्याने चौखूर उधळायचं नाही! फक्त दुडकी चाल. कितीही जोरात ने पण दुडकीच. चाल मोडून उधळला की आवरून परत दुडकीवर आणावा लागतो, तेवढ्यात बाकीचे पुढे, आणि नाही आवरला तर बाद. म्हणजे अंगात वारं असलेल्या जनावराला पळू न देता जिंकायचं. लगाम धरणाऱ्याचे हात किती हलके पाहिजेत ते ज्याने धरलाय त्यालाच कळेल. वरती तुम्ही लोकांनी तो हळू पळतो, आधी बघतो वगैरे लिहिलंय ते वाचून मला तर आमच्या आजोबांचीच आठवण झाली. बाकी तुम्ही जाणकार.

सोंबोरला असा ट्रॅक आहे, हा लहानपणी तिथेच पडीक असायचा. एकदा तर बास्केटबॉल सोडून तबेल्यातच राहायचं म्हणत होता. आता त्याचा स्वतःचा तबेला आहे, ड्रीम कॅचर नावाचा. सीझन संपला की थेट तिकडे, शेण काढण्यापासून सगळं. २०२२ ला दुसरी एमव्हीपी मिळाली तेव्हा बातमी द्यायला त्याचे कोच वगैरे लोक अमेरिकेहून थेट तबेल्यात जाऊन थांबले, आणि हा आला तो सल्कीत बसून, घोडा फिरवून. बँड वाजतोय, ट्रॉफी हातात, आणि साहेबांच्या डोळ्यात पाणी. त्या व्हिडिओत मी आपला घोडाच बघतोय, मस्त जनावर होतं, मान काय धरली होती!

डेन्व्हरी_पुणेकर

हलगीवाला दादा, दुडकीचा नियम मला दहा वर्षांत कोणी सांगितला नव्हता, मान गये. मी इथे मॅचला जातो आणि लोकांना आता हेच सांगणार.

२०२३ चं सांगतो मग. १२ जूनला आम्ही मायामीला पाचव्या मॅचला ९४-८९ हरवून जिंकलो. एनबीएतल्या ४७ सीझनमधलं पहिलं विजेतेपद! गाव वेडं झालं, मी शेजारच्या काकूंना मिठी मारली, ज्यांच्याशी माझं कचऱ्याच्या डब्यावरून सहा महिने भांडण होतं. आणि हा? फायनलचा एमव्हीपी, त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये एकूण पॉइंट्स, रिबाउंड, असिस्ट तिन्हीत पहिला, असं कोणीच कधी केलेलं नाही. माइक समोर आला तर चेहरा असा की ऑफिस सुटलंय. म्हणाला काम झालं, आता घरी जाऊया. मग पत्रकार परिषदेत कोणालातरी विचारतो मिरवणूक कधी आहे. गुरुवारी. अरे देवा, मला घरी जायचंय. का तर रविवारी सोंबोरला घोड्यांची रेस होती! शेवटी मिरवणुकीला आला, ट्रकवर उभा राहिला, आणि मग म्हणे मजा आली, थांबलो ते बरं झालं (एक शिवी घालून म्हणाला, मुलांसमोर नको). आणि वीकेंडला खरंच ट्रॅकवर हजर.

पण सगळं गोडगोडच नाहीये, पोराला हेही सांगा. २०१६ च्या ऑलिंपिक फायनलला अमेरिकेने सर्बियाला ९६-६६ असं धुतलं. २०२४ ला पॅरिसमध्ये सेमीफायनलला अमेरिकेवर १७ पॉइंट्सची आघाडी होती, ती गेली आणि ९५-९१ हरले, मग जर्मनीला हरवून ब्राँझ. मी त्या सेमीफायनलला कोणाकडून ओरडू हेच मला कळत नव्हतं, पासपोर्ट भारताचा, पगार अमेरिकेचा आणि जीव सर्बियात.

आणि मिलोयेविच. मेगा क्लबमध्ये ह्याला ज्याने घडवला तो कोच देयान मिलोयेविच, स्वतः जबरदस्त खेळाडू होता, नंतर गोल्डन स्टेटमध्ये असिस्टंट कोच झाला. जानेवारी २०२४ मध्ये टीमबरोबर सॉल्ट लेक सिटीला असताना हार्ट अटॅकने गेला, ४६ वर्षांचा. त्या लठ्ठ पोराला त्याने वेगळ्या साच्यात घालायचा प्रयत्न केला असता, पास करू नको, रिंगखाली उभा राहा म्हणाला असता, तर आज आपण इथे बोलत नसतो. एप्रिल २०२५ ला आमच्या मॅनेजमेंटने मलोनना पण काढलं, सीझनच्या तीन मॅच उरलेल्या असताना! मला अजून पटलेलं नाही. त्या वर्षी ओक्लाहोमाने सातव्या मॅचला आम्हाला घरी पाठवलं.

माई, म्हणून मी म्हणेन सरांना एकदा भेटा. राउंड मारायला लावा, जरूर लावा, पण हात आणि नजर चांगली म्हणतायत ना, मग त्याला मॅचमध्ये पास द्यायची मोकळीक आहे का ते विचारा. जाड्या पोराला रिंगखाली उभं करून टाकतात सगळे.

स्पष्टवक्ता७७

हे मात्र पटलं. माझ्या पुतण्याचं तेच झालं होतं, नुसता उभा करायचे खांबासारखा, कंटाळून सोडला त्याने.

मिरजेची_माई

अपडेट देते, विचारलंत सगळ्यांनी म्हणून.

सरांना भेटले. सर म्हणाले पास द्यायला माझी ना नाही, पण पास देऊन हा तिथेच उभा राहतो, कमरेवर हात ठेवून, आपण काय कलाकृती केली ते बघत. म्हटलं हे घरी पण असंच आहे, ताट उचलून सिंकपर्यंत नेलं की थांबून बघतो कोणी बघितलं का. मग ठरलं की आठ राउंड, पण न थांबता, कितीही हळू चालेल. दुडकी म्हटलं मी, सरांना काही कळलं नाही.

कोक आता शनिवारी फक्त एक ग्लास. विमानात बसलो की पूर्ण बंद करीन असं लेखी दिलंय, कागद फ्रिजवर लावलाय.

आणि ते अंगठीचं वाचून दाखवायला नको होतं मी. काल संध्याकाळी दारात पाऊण तास उभी, कुलूप, किल्ली कुठाय तर हे साहेब प्रॅक्टिसला घेऊन गेलेले, उजव्या बुटाच्या लेसमध्ये ओवून डबल गाठ मारून. सर म्हणतायत राहू दे ताई, पळताना वाजते, आवाज थांबला की मला मान न वळवता कळतं हा कुठे बसला. काल सहाव्या राउंडपर्यंत वाजली.

दुसरी किल्ली करून घेतली आज बाजारातून. साठ रुपये.